सायंकाळची भूक सकाळीच आवरावी लागते: कमी कॅलरीच्या आहारात अनावर खाणे टाळण्याची पद्धत

माझा आहार पहिल्यांदा मोडला तो कोणाच्या लग्नात किंवा गावच्या यात्रेत नव्हे, तर एका साध्या मंगळवारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दुपारी शाळेत डब्यातली एक चपाती व वाटीभर भाजी, एवढ्यावर दिवस काढून मी खानापूरहून पावणेसहाला बेळगावातील वडगावच्या घरी पोहोचले होते. चिरमुऱ्याच्या डब्यात हात घातला तो मूठभर घेण्यासाठी. मग त्या चिरमुऱ्यांवर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चे तेल आले, त्यानंतर सकाळच्या उरलेल्या दोन चपात्या गुळाशी गेल्या आणि शेवटी पाहुण्यांसाठी आणून ठेवलेल्या कुंद्याच्या, म्हणजे दुधाच्या मिठाईच्या, पुड्याची दोरी सुटली. साडेसहाला रात्रीच्या भाताचा कुकर लावताना पुडा निम्मा झाला होता आणि पर्स अजून माझ्या खांद्यालाच होती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. सायंकाळपर्यंत पोटात जेमतेम तीनशे कॅलरी गेल्या होत्या आणि पुढच्या पाऊण तासात, कुंदा वगळूनही, साडेसातशेच्या वर. त्यावेळी मी दोष दिला तो मनाच्या दुबळेपणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा चहाही बंद केला. आज मला वाटते की चूक नेमकी तिथे होती. सायंकाळी सहाला जे घडते त्याची तयारी सकाळी आठपासून झालेली असते, आणि म्हणून ते आवरण्याची जागाही सकाळीच असते. हा लेख त्या जागेविषयी आहे.

आधी हे कोणासाठी नाही ते पाहावे

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयातील मुले-मुली, मुळातच वजन कमी असलेली माणसे आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलेल्या व्यक्ती यांनी स्वतःच्या मनाने कॅलरी मोजून कमी करू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवण कमी केल्यावर औषधाची मात्रा तीच राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते; त्यामुळे आधी डॉक्टर, मग आहार, हा क्रम मोडू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पुढे येणाऱ्या प्रथिनांच्या सूचना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणू नयेत.

पहिली पायरी: कपात किती, हे आकड्यात ठरवणे

भुकेचा बंदोबस्त करायचा तर सर्वांत आधी कपात बेताची हवी. ढोबळ गरज काढण्यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जेओर हे सूत्र वापरतात: किलोमधील वजनाला १० ने गुणावे, त्यात सेंटिमीटरमधील उंची गुणिले ६.२५ मिळवावी, वय गुणिले ५ वजा करावे, आणि स्त्रियांनी आणखी १६१ वजा करावे, पुरुषांनी ५ मिळवावेत. आलेल्या आकड्याला बैठे काम असल्यास १.४ ने, दिवसभर उभे राहण्या-चालण्याचे काम असल्यास १.५ ते १.६ ने गुणावे. माझे त्यावेळचे आकडे ६८ किलो, १५५ सेंटिमीटर, ४५ वर्षे असे होते. शिक्षकी पेशा उभ्याचा, म्हणून १.५ ने गुणल्यावर उत्तर साधारण १,८९० आले. त्यातून चारशे वजा केले की दीड हजार उरतात. ज्या दिवशी कुंद्याचा पुडा सुटला त्या दिवशी मी स्वतःसाठी ठरवलेला आकडा नऊशे होता.

तीनशे ते पाचशे कॅलरींची रोजची तूट बहुतेकांना पेलते आणि आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन उतरते. याहून घाई करणाऱ्यांना शरीर सोडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवले होते. आज आहाराच्या अनेक तक्त्यांत हा आकडा सहज दिसतो, पण ती माणसे उंचपुरी, आठवड्याला ३५ किलोमीटर चालणारी होती आणि त्यांच्यासाठी ही जवळपास निम्मी कपात होती. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले, त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर त्यांतील काहीजण पोट दुखेपर्यंत खाऊनही भूक भागली नाही असे सांगत राहिले. ही माणसे स्वखुशीने आलेली आणि निर्धाराची पक्की होती. तेव्हा आपल्या सायंकाळच्या खाण्याला स्वभावदोष म्हणण्याआधी सकाळपासूनची ताटे मोजून पाहिलेली बरी.

सर्वसाधारणपणे स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली वैद्यकीय देखरेखीविना जाऊ नये.

दुसरी पायरी: सात दिवसांची वही

आहार सुरू करण्याच्या आधीचा एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहावे. वेळ, पदार्थ, कोठे आणि कसे खाल्ले, आणि खाण्याआधी भूक शून्य ते दहा या मापात किती होती, एवढेच. कॅलरी या आठवड्यात लिहू नयेत. लिहिल्या की माणूस वहीला दाखवण्यासाठी खाऊ लागतो.

आठवड्यानंतर वहीत एकच गोष्ट शोधावी: भूक आठच्या वर कोणत्या वेळी जाते आणि तिच्या मागे किती तासांची पोकळी आहे. माझ्या वहीत दुपारी साडेबाराचे जेवण आणि पावणेसहाचे घर यांच्यामध्ये सव्वापाच तास कोरडे होते. रोज बेळगावला ये-जा करणाऱ्या बहुतेकांचे चित्र असेच निघते, फक्त कोणाच्या हातात चिरमुऱ्याचा डबा असतो आणि कोणी बसस्टँडबाहेर मिरची भजीच्या गाड्यासमोर उभा असतो.

तिसरी पायरी: दिवस पाच ठिकाणी टेकवणे

अनावर खाण्यावर उपचार करणारे तज्ज्ञ सर्वांत आधी जी गोष्ट बसवतात ती म्हणजे वेळेवर खाणे: तीन जेवणे, मध्ये दोन किंवा तीन लहान खाणी, आणि जागेपणी चार तासांहून मोठी पोकळी नाही. हे ऐकायला सोपे आणि करायला अवघड असते, कारण वजन कमी करणाऱ्याला प्रत्येक न खाल्लेला तास कमाईसारखा वाटतो. ती कमाई सायंकाळी व्याजासह परत जाते.

दीड हजार कॅलरींचा दिवस मी असा मांडते. सकाळी साडेसातला साडेतीनशे: पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी आणि चमचाभर तेलात केलेली दोन अंडी, किंवा अंडी चालत नसतील तर मूठभर मटकीची उसळ. साडेदहाला शंभर: मधल्या सुट्टीचा चहा आणि ग्लासभर ताक. दुपारी एकला चारशे: एक भाकरी, दाट आमटी दीड वाटी, भाजी आणि भरपूर काकडी-मुळा. सायंकाळी पाचला अडीचशे, ज्यावर पुढे स्वतंत्र लिहिले आहे. रात्री आठला पुन्हा चारशे: पन्नास ग्रॅम तांदळाचा भात, आमटी किंवा हुलग्याचे माडगे, आणि भाजी.

सकाळचे साडेतीनशे हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. ज्यांना सकाळी खरोखरच भूक नसते त्यांनी ती शिदोरी नऊ-साडेनऊला खावी, पण रद्द करू नये. ठरलेल्या वेळी खाण्याचा आणखी एक फायदा आहे. जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी वाढते, म्हणजे शरीर आपले घड्याळ शिकते. दोन-तीन आठवडे पाचला खाल्ले की भूकही पाचच्या सुमाराला येऊ लागते आणि तिची वाट पाहता येते.

चौथी पायरी: तेवढ्याच कॅलरीत ताट जड करणे

पोट भरल्याची जाणीव अनेक मार्गांनी मेंदूपर्यंत जाते: जठर ताणले जाते, आतड्यांतून तृप्तीची संप्रेरके स्रवतात, आणि या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. म्हणून ताटात तीन गोष्टी हव्यात: प्रथिने, चोथा आणि पाणी. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थांचे प्रत्येकी सुमारे २४० कॅलरींचे भाग लोकांना देऊन दोन तास तृप्ती मोजली. पहिला क्रमांक उकडलेल्या बटाट्याचा आला. त्याची तृप्ती पांढऱ्या पावाच्या तिपटीहून जास्त भरली. बटाट्याला 'डाएट'मधून हद्दपार करणाऱ्यांना हे पटत नाही, पण शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात नव्वदहून कमी कॅलरी असतात. दोष असतो तो त्याच्यासोबत कढईत जाणाऱ्या तेलाचा.

प्रथिनांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. कपातीच्या काळात एक ग्रॅमच्या आसपास ठेवले तर भूक अधिक वेळ थांबते आणि स्नायू कमी झिजतात. शाकाहारी घरात हा आकडा गाठताना आमटी पाण्यासारखी असून चालत नाही. आपल्या भागातला हुलगा येथे फार कामाचा आहे: शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने, शिजायला वेळ, पचायलाही वेळ. त्याचे दाट माडगे, वरून लसणाची फोडणी, हे रात्री भाताआधी वाटीभर प्यायले की भाताचा दुसरा वाढा मागायची इच्छा होत नाही. शेजारच्या कन्नड घरांतील कोसंबरीही मी तेवढ्याच आदराने उचलली आहे. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, कोथिंबीर, लिंबू आणि नावापुरते खोबरे. तीस ग्रॅम डाळीची कोसंबरी दीडशे कॅलरींत मोठी वाटी भरते.

वाढण्याचा क्रमही बदलावा. आपल्याकडे भाकरी आधी आणि भात नंतर ही रीत आहे, ती तशीच ठेवावी, पण भाकरीच्याही आधी कोशिंबीर आणि वाटीभर आमटी संपवावी. नव्या तांदळाचा भात चुलीवर रटरटत असताना त्याच्या वासाने घर भरलेले असते आणि तेव्हा हा नियम पाळणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तांदूळ शिजवण्याआधी तोलावा. माझ्या घरातील नेहमीच्या वाटीत सुमारे सव्वाशे ग्रॅम तांदूळ मावतो. म्हणजे पन्नास ग्रॅम हे अर्ध्या वाटीहूनही कमी झाले.

मात्र जिथे सगळा हिशेब फसतो ती जागा तेलाची. औषधाच्या बाटलीसोबत खुणा असलेले जे प्लास्टिकचे झाकण येते, ते धुऊन त्यात आपल्या घरची तेलाची पळी पाण्याने मापून पाहावी. माझी पळी बारा मिलिलीटरची निघाली, म्हणजे शंभर कॅलरींच्या आसपास. चौघांच्या भाजीत मी तीन पळ्या घालत होते आणि आमटीच्या फोडणीत वेगळ्या तीन, दोन्ही वेळेला. माझ्या एकटीच्या वाट्याला रोज तीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या येत होत्या, ज्यांनी भुकेला जराही हात लावला नव्हता. आता डब्यात पाच मिलिलीटरचा चमचा आहे. घरातील इतरांना चव कमी वाटली तेव्हा त्यांच्या ताटात वरून खर्डा वाढला. स्वयंपाक दोनदा करण्याची गरज पडली नाही.

पाचवी पायरी: पाच ते आठ

उरलेला सगळा आहार सांभाळणारी माणसे या तीन तासांत हरतात, म्हणून येथे थोडे थांबते.

पाचचे खाणे ही चैन नाही, ती रात्रीच्या जेवणाची राखण आहे. ते घराबाहेर, घरी पोहोचण्याच्या आधी झाले पाहिजे. माझ्या पिशवीत चाळीस ग्रॅम फुटाण्यांची पुडी आणि एक पेरू असतो. शाळा सुटल्यावर बसची वाट पाहताना ते खाते आणि घरी गेल्यावर ताक पिते. एकूण सव्वादोनशे ते अडीचशे. घरीच असणाऱ्यांसाठी आपल्या पश्चिम भागात पिकणारी रताळी उत्तम: दीडशे ग्रॅम उकडलेले रताळे आणि वाटीभर दही. फुटाण्यांऐवजी चिरमुरे का नको, असे मला नेहमी विचारले जाते. चिरमुरे हलके असतात हे खरे, पण त्यांत प्रथिने फारशी नाहीत, ते तोंडात विरघळतात आणि त्यांना एकट्याने खाण्याची कोणाला सवय नसते. तीस ग्रॅम चिरमुऱ्यांच्या सुमारे १२० कॅलरी असतात. त्यावर मोठा चमचाभर तेल आणि मूठभर शेंगदाणे पडले की भडंग चारशेच्या घरात जाते आणि तासाभराने भूक पुन्हा दारात असते.

घरात शिरल्यावरचा पहिला अर्धा तास स्वयंपाकघराच्या बाहेर काढावा. पर्स जागेवर ठेवणे, हातपाय धुणे, कपडे बदलणे, तुळशीपाशी दिवा लावणे, काहीही चालेल. पण डब्यांच्या फळीसमोर खांद्याला पर्स असताना उभे राहू नये. उभ्याने, डब्यातून आणि हाताने खाल्लेले अन्न मोजले जात नाही, आठवतही नाही. माझ्या घरात एकच नियम लिहून लावला आहे: जे खायचे ते ताटलीत घेऊन, बसून. कुंदाही.

गोडाविषयी माझे मत इतरांहून थोडे वेगळे आहे. कुंदा, मांडे, गोकाकचा करदंट हे घरात येणारच, आणि 'आयुष्यात पुन्हा नाही' अशी शपथ घेणाऱ्यानेच पुडा संपवलेला मी पाहिला आहे, आरशातही. आठवड्यातून एक-दोनदा, जेवणानंतर, पोट भरलेले असताना, पंचवीस-तीस ग्रॅमचा तुकडा घ्यावा आणि तो दीड हजारांत धरावा. विकत घेताना अर्ध्या किलोचा पुडा न घेता पाहुण्यांच्या माणशी तुकडे मोजून घ्यावेत. रिकाम्या पोटी सायंकाळी गोड, हे मात्र टाळावे.

स्वयंपाक करता करता चाखणे आणि मुलांच्या ताटातले उरलेले 'वाया कशाला घालवायचे' म्हणून तोंडात टाकणे, हे बहुतेक घरांत स्त्रियांच्याच वाट्याला येते. अन्न वाया जाऊ नये हे ठीकच, पण घरातली बाई म्हणजे उरलेल्याचा डबा नव्हे. मुलांना आधी कमी वाढावे.

भूक की हुरहुर

खावेसे वाटले की स्वतःला एक प्रश्न विचारावा: सकाळची भाकरी आणि ताक समोर आले तर खाईन का? उत्तर हो असेल तर ती भूक आहे, आणि मग तेच खावे, त्या दिवशी हिशेब शंभर-दीडशेने वाढला तरी हरकत नाही. उत्तर नाही असेल आणि फक्त भजी किंवा कुंदाच हवा असेल, तर ती इच्छा आहे. इच्छा लाटेसारखी चढते आणि बहुधा वीस मिनिटांत उतरू लागते. त्या वीस मिनिटांत घड्याळ लावून फाटकापर्यंत चालून यावे, कोणाला फोन करावा, शेंगा निवडाव्यात. शेंगा निवडणे मात्र जेवणानंतरच.

वहीत झोपेची नोंदही ठेवावी. शिकागो विद्यापीठातील एका छोट्या प्रयोगात, २००४ मध्ये, बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिले, तेव्हा लांब झोपेच्या तुलनेत त्यांचे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि तृप्तीचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले. परीक्षेच्या पेपर तपासणीच्या दिवसांत मी तुटून खाते ते का, याचे उत्तर मला तेथे मिळाले. अनेक स्त्रियांना मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यातही भूक वाढल्याचे जाणवते. अशा दिवसांत तूट चारशेऐवजी शंभर-दोनशेवर आणावी किंवा सोडूनच द्यावी. ठरवून सोडणे आणि सुटणे यांत फार अंतर आहे.

लग्न, यात्रा आणि उपवास

बेळगावच्या आसपास ज्या गावात कित्येक वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा भरते, तेथे पाहुण्याला कमी वाढणे हा यजमानाला अपमान वाटतो, आणि तो भाव खोटा नसतो. अशा दिवशी सकाळपासून उपाशी राहून जाणे ही सर्वांत मोठी चूक. सकाळचे खाणे नेहमीप्रमाणे करावे, निघण्याआधी ग्लासभर ताक प्यावे. पंगतीत मटणाच्या फोडी, कांदा, काकडी आधी. रश्श्यावरचा तवंग चमच्याने बाजूला. एक भाकरी आणि थोडा भात. वाढणाऱ्या बाईंना 'नको' म्हटले की आग्रह वाढतो. 'अक्का, एवढे संपू दे, मग मी मागून घेते' असे म्हटले की त्या पुढच्या पानाकडे जातात, आणि ताटात शेवटपर्यंत दोन घास ठेवले की पुन्हा वळत नाहीत.

उपवासाच्या दिवसाचा हिशेब अनेकांना धक्का देतो. पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट आणि दोन चमचे तूप यांची खिचडी पाचशे कॅलरींच्या पुढे जाते, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसल्याने चारला पुन्हा भूक लागते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. उपवास करायचाच तर रताळे, दही, फळे आणि मोजके शेंगदाणे बरे.

मोडल्यानंतरची सकाळ

एवढे करूनही एखादी सायंकाळ जाईल. तेव्हा काय करावे, हे आधीच लिहून ठेवावे, कारण त्या क्षणी डोके चालत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन यांनी १९७५ मध्ये डेबोरा मॅक यांच्यासह एक प्रयोग केला. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या स्त्रियांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवे तेवढे खायला दिले. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइस्क्रीम कमी खायला हवे होते. त्यांनी ते जास्त खाल्ले. आपल्या भाषेत सांगायचे तर उपास मोडलाच आहे, तर आता पोटभर खाऊ. नुकसान दोन भज्यांनी फारसे होत नाही, 'आजचा दिवस गेलाच' या वाक्याने होते.

म्हणून अनावर खाणे झाल्यावर जेथे लक्षात येईल तेथे थांबावे, मग ते अर्ध्या पुड्यावर का असेना. ताटली धुवावी. रात्रीची भूक नसेल तर जेवण हलके घ्यावे, पण दुसऱ्या दिवशी साडेसातची भाकरी नेहमीएवढीच खावी. भरपाईसाठी उपाशी राहणे, दुप्पट चालणे, ओकारी काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे यांतले काहीही करू नये. पहिल्या दोन्हींनी पुढच्या झटक्याची तयारी होते, आणि शेवटच्या दोन्हींनी शरीरातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते.

दुसऱ्या सकाळी वजनकाट्यावर उभे राहू नये. काटा दीड किलो जास्त दाखवील, आणि ती चरबी नसेल. किलोभर चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी जादा लागतात. दीड किलोसाठी साडेअकरा हजार. तेवढे कुंद्यानेही एका रात्रीत होत नाही. ते पाणी असते, मिठाने आणि पिष्टाने धरून ठेवलेले, आणि तीन-चार दिवसांत उतरते. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी वजन करावे आणि चार आठवड्यांचा कल पाहावा.

कपात दहा-बारा आठवडे चालली की दोन आठवडे गरजेइतके, म्हणजे माझ्या बाबतीत १,८०० ते १,९०० कॅलरी, खावे. वेळा त्याच, ताटे त्याच क्रमाने, फक्त भाकरी आणि आमटी वाढलेली.

डॉक्टरांकडे केव्हा

कधीमधी जास्त खाणे आणि आजार यांत फरक आहे. थोड्या वेळात इतरांपेक्षा स्पष्टपणे खूप जास्त खाणे आणि त्यावेळी थांबता न येणे, असे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने होत असेल, आणि त्यासोबत भराभरा खाणे, भूक नसताना खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेने लपून खाणे, नंतर स्वतःचा तिटकारा येणे यांतील तीन गोष्टी असतील, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली आहे आणि त्यावर परिणामकारक उपचार आहेत. खाण्यानंतर ओकारी काढण्याची सवय लागली असेल, तर तीन महिन्यांची वाट पाहूच नये. अशा वेळी कॅलरी मोजणे थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही.

जाताना ती वही सोबत न्यावी. कोणत्या वेळी, किती तासांच्या पोकळीनंतर, उभ्याने की बसून, एकटे असताना की सगळ्यांसमोर, हे डॉक्टरांना तिच्यात दिसते. वजनाचा आकडा त्यांनी विचारला की सांगावा.